धाकट्याच्या बाळंतपणात थोरलीला महिनाभर आजोळी पाठवावे का?

गोदाकाठ

नमस्कार. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला आज २३ दिवस झाले. थोरली मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा सिझेरियनने झाला आहे. थोरलीच्या वेळी रीतीप्रमाणे मी माहेरी, कोल्हापूरला होते. दुसरे बाळंतपण सासरी करायचे म्हणून या खेपेला नाशिकलाच राहिले. या दोहोंत केवढा फरक असतो, हे मला आधी उमगले नव्हते. माहेरी मी केवळ बाळंतीण होते आणि शेगडी, मालिश, अळिवाची खीर, झोप आणि बाळ एवढेच माझे जग होते. येथे मालिश करणाऱ्या बाई अकरा वाजता येतात, तेव्हा थोरली दाराशी उभी राहून "आई, तू उठ, आई, तू उठ" असे इतक्या केविलवाण्या स्वरात म्हणत राहते की अंगाला लावलेले तेल मुरण्याआधीच मी उठून बसते. बालवाडीत जाणे तिने सोडल्यातच जमा आहे.

पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने कामाला आहेत. खासगी नोकरीत वडिलांना बाळंतपणाची रजा देण्याचे कायद्याचे बंधन नसल्याने त्यांनी साठवलेल्या रजेतील आठ दिवस घेतले आणि तेही संपले. सासूबाई सर्व काही मनापासून करतात. डिंकाचे लाडू त्यांनी बसल्या बसल्या वळले, कारण गुडघेदुखीमुळे त्यांना ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही.

आता मूळ अडचण सांगते. रुग्णालयात बाळाला पाहून थोरली हरखून गेली होती. घरी आल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिने शांतपणे विचारले, "याला परत कधी न्यायचे?" आम्ही सर्व हसलो, आणि ते हसणे चुकले असे मला आता वाटते. वर्षभर कोरडी राहणारी ही मुलगी त्यानंतर रात्री अंथरूण ओले करू लागली, भरवल्याशिवाय जेवेनाशी झाली आणि बोबडे बोलू लागली. जन्मल्यापासून ती माझ्या कुशीत झोपत आली आहे. आता ती आजीजवळ दुसऱ्या खोलीत झोपते आणि मध्यरात्री दाराची कडी वाजवते. सर्वांत वाईट प्रसंग कुंचीचा झाला. सासूबाईंनी पेटीतून थोरलीची जुनी कुंची आणि दुपटी काढून उन्हात घातली आणि सायंकाळी ती कुंची धाकट्याला घातली. थोरलीने ती ओळखली. ती काही बोलली नाही; मात्र त्याच रात्री मी बाळाला पाजत असताना तिने त्याच्या पोटरीला चिमटा काढला आणि काढताना ती बाळाकडे पाहत नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी रागावले, तेव्हा ती पलंगाखाली जाऊन बसली आणि तासभर बाहेर आली नाही.

सासूबाईंचे म्हणणे असे की तिला महिनाभर कोल्हापूरला माझ्या आईवडिलांकडे पाठवावे. "तिचे हाल होत आहेत, तुझी झोप होत नाही आणि मी दोघांना पुरी पडत नाही," हे त्यांचे बोलणे खोटे नाही. धाकट्या नणंदेच्या जन्माच्या वेळी त्यांनीही माझ्या पतींना दोन महिने मामाकडे ठेवले होते. पतींना त्यातले काहीच आठवत नाही, म्हणून त्यांच्या मते त्यात वाईटही काही नाही.

खरे सांगायचे तर हा विषय निघाला तेव्हा मला आधी सुटल्यासारखे वाटले. मग न्हाणीघरात जाऊन मी अर्धा तास रडले. ज्यांनी मुलाला असे पाठवले आहे किंवा पाठवायचे टाळले आहे, त्यांचा अनुभव मला ऐकायचा आहे.

बालवाडीच्या बाई

बाळ, मी ३० वर्षे सांगलीत बालवाडी चालवली. एखाद्या घरी दुसरे बाळ आल्याचे आम्हाला पेढे येण्याच्या आधी कळत असे, कारण त्या घरचे थोरले मूल डबा उघडेनासे होई किंवा दिवसभर पायांतल्या चपला काढू देत नसे. चपला काढल्या आणि मध्येच कोणी न्यायला आले तर उशीर होईल, अशी त्यामागची भीती असे, हे एका मुलीनेच मला समजावून सांगितले होते.

आजोळी राहून परत आलेली मुलेही मी पुष्कळ पाहिली. वर्षातून दोनदा आजोळी जाणारी, मामेभावंडांत रमणारी मुले गुटगुटीत होऊन परत येत. परंतु केवळ बाळंतपणाची सोय म्हणून ज्यांना पाठवले गेले, ती मुले परत आल्यावर रोज शाळा सुटण्याच्या वेळी मला एकच प्रश्न विचारत: "मला न्यायला कोण येणार?" उत्तर ठाऊक असूनही ती विचारत. एका मुलाचे हे विचारणे दिवाळीपासून होळीपर्यंत चालले होते.

तुझ्या सासूबाईंच्या काळाशी तुलना करताना एक गोष्ट ध्यानात घे. तेव्हा मामाच्या घरी मावस आणि मामेभावंडे मिळून आठ-दहा मुले असत, एक मूल वाढले तरी कोणाला कळत नसे आणि त्या मुलालाही आपल्याला दूर केले आहे असे वाटायला उसंत मिळत नसे. शिवाय सोयराचे दिवस पाळले जात, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत थोरल्या मुलांना फिरकू देत नसत. म्हणजे घरी राहूनही आई त्यांच्या वाट्याला येत नसेच. आज तुझ्या आईवडिलांच्या घरी दोन वृद्ध माणसे आणि दूरदर्शन संच याखेरीज तिच्यासाठी काय आहे, याचा विचार कर. माझे मत विचारशील तर पाठवू नकोस.

आणखी एक सांगते. बाळ पाहायला येणारी मंडळी चेष्टेने "आता तुझे लाड संपले" किंवा "आम्ही बाळाला घेऊन जातो हं" असे मुलांना म्हणतात. तुझ्या लेकीने परत नेण्याचा विचार स्वतःहून केला असेल असे मला वाटत नाही. असले काहीतरी तिने ऐकलेले असणार. अशा पाहुण्यांना दारातच, सौम्य शब्दांत परंतु स्पष्टपणे अडवण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने करावे. सुनेने ते केले तर उगीच बोलाचाली होते.

खाडीपलीकडे

मी ठाण्यात राहतो. बालवाडीच्या बाईंविषयी आदर राखून वेगळे मत मांडतो, कारण आम्ही मुलाला पाठवले होते आणि तशीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा पाठवीन.

दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी पत्नीच्या टाक्यांत पू झाला आणि तिला पुन्हा चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. थोरला मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला २४ दिवस साताऱ्याला त्याच्या आजोळी ठेवले. पहिल्या दोन रात्री मी स्वतः तेथे राहिलो आणि नंतर दर शनिवारी एस.टी.ने जात राहिलो. दोन गोष्टी मात्र आम्ही चुकवल्या. परत कधी आणणार, हे आम्ही त्याला सांगितले नाही. आम्हालाच ते ठाऊक नव्हते, तरी "चार रविवार" असे काहीतरी सांगता आले असते. दुसरी चूक म्हणजे रोज रात्री केलेला व्हिडिओ कॉल. त्यात त्याला आई दिसे आणि आईच्या मांडीवर बाळ दिसे, आणि मग तो झोपेपर्यंत हुंदके देई. तिसऱ्या आठवड्यात पत्नीने आपल्या आवाजात दोन गोष्टी ध्वनिमुद्रित करून पाठवल्या. त्या उशाशी लावून तो शांत झोपू लागला. नुसता आवाज असला की त्यात बाळ नसते.

परत आल्यावर तो आईकडे गेलाच नाही. तो थेट पाळण्यापाशी गेला आणि त्याने बाळाला आपला नवा ट्रक दाखवला. आई हात पुढे करून बसली होती आणि तो तिला ओलांडून गेला. पत्नीला ते फार लागले. आठ दिवसांनी एका रात्री तो आपणहून तिच्या पांघरुणात शिरला आणि मग सर्व पूर्ववत झाले. ही किंमत मोजावी लागते, हे मान्य करूनच सांगतो की त्या दिवसांत पत्नीचा जीव सांभाळणे अधिक महत्त्वाचे होते. तुमची प्रकृती ठीक असेल, तर तुमच्यापुढे ती निकड नाही.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. तुमच्या एवढ्या सविस्तर लेखनात मुलीचे वडील मला रजेच्या आणि न आठवण्याच्या उल्लेखापुरतेच दिसले. पाळीची नोकरी असली म्हणजे आठवड्यातील काही सकाळी किंवा काही दुपारी ते घरी असतातच. मुलीला अंघोळ घालणे, बालवाडीत पोचवणे आणि रात्री ओले अंथरूण बदलणे ही तीन कामे पूर्णपणे त्यांची झाली, तर महिन्याभराच्या आजोळाचा प्रश्न कदाचित उरणारच नाही. मी हे अधिकाराने सांगत नाही. थोरल्याच्या वेळी मीही पाळण्याला झोका देण्यापलीकडे काही केले नव्हते.

सिन्नर फाटा

साडेतीन वर्षांच्या मुलीच्या कलाने एवढे घ्यायचे म्हणजे अति होते. आम्ही पाच भावंडे होतो आणि आमच्या आईने कोणाचीही समजूत काढली नाही. होते सर्व आपोआप.

परिचारिका

मी २० वर्षे बालरोग विभागात परिचारिका म्हणून काम करते. प्रत्यक्ष तपासणी केल्यावाचून वैद्यकीय सल्ला देणे योग्य नव्हे. तरीही तुमच्या लेखनातील काही बाबी वाचून पुढे जाता येईना.

धाकटे भावंड आल्यावर अंथरूण ओले होणे, बोबडे बोलणे, भरवून मागणे, क्वचित अंगावर पिण्याचा हट्ट धरणे हे सर्व आम्ही नेहमी पाहतो. पाच वर्षांच्या आत रात्री अंथरूण ओले होण्यास आजार मानत नाहीत. मात्र लघवी करताना जळजळ, ताप किंवा वारंवार तहान असेल, तर लघवीची तपासणी करून घ्यावी. शौच दाबून ठेवण्याची सवयही याच काळात मुलांना लागते आणि बद्धकोष्ठता झाली की अंथरूण अधिक ओले होते. त्यामुळे तिला रोज शौचास होते का, याकडे लक्ष असू द्यावे. अंगावर पिण्याचा हट्ट धरलाच, तर बहुतेक मुले एकदा तोंड लावून पाहतात आणि स्वतःच नको म्हणतात.

चिमटा काढताना ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहत होती, हे तुमचे निरीक्षण मोलाचे आहे. तिला बाळाला इजा करायची नसून तुमचे लक्ष हवे आहे, असा त्याचा अर्थ मी लावते. तरीही साडेतीन वर्षांच्या मुलाला आणि नवजात बाळाला खोलीत दोघांनाच एक मिनिटही सोडू नये. माया करतानाही एवढी मुले बाळावर पूर्ण भार टाकतात. रात्री तिला पुन्हा तुमच्या खोलीत आणावयाचे असेल, आणि माझ्या मते आणावे, तर ती व बाळ एका अंथरुणावर शेजारी शेजारी नसावेत. बाळाला पाळण्यात किंवा त्याच्या स्वतंत्र गादीवर पाठीवर निजवावे आणि थोरलीने तुमच्या दुसऱ्या बाजूस झोपावे.

तुम्ही शेगडीचा उल्लेख केला आहे. नाशिकच्या थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली, तर कोळशाच्या विषारी वायूने जीवावर बेतू शकते, आणि त्या वायूला वास नसतो. धुरीने बाळाच्या श्वासाला त्रास होतो. त्यातच एक लहान मूल धावत आत-बाहेर करीत असेल, तर भाजण्याचा धोका वेगळाच. शेक हवाच असेल, तर गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा.

बालवाडीतून सर्दी-खोकला घरी येतो, म्हणून थोरलीला बालवाडी सोडायला लावू नये. बाहेरून आल्यावर साबणाने हात धुणे आणि बाळाच्या तोंडाऐवजी पावलांचा पापा घेणे या दोन सवयी लावल्या की पुरे. डांग्या खोकल्यावरील बाळाची पहिली लस सहाव्या आठवड्यात असते. तोवर त्याला त्या लसीचे संरक्षण नसते, म्हणून थोरलीचा दीड वर्षाचा बूस्टर झाला आहे ना, हे तिच्या लसीकरण कार्डावर पाहून घ्यावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये, असे सांगतात. थोरलीला "मी तुला उचलू शकत नाही" असे सांगण्यापेक्षा तुम्ही पलंगावर टेकून बसावे आणि तिने स्वतः चढून मांडीवर यावे. तिला हवी असते ती मांडी. कडेवर घेण्याचा आग्रह ती लवकर विसरेल.

शेवटचे तुमच्याविषयी. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते ओसरते. तुम्हाला २३ दिवस झाले आहेत. एकदाच रडू आले असेल, तर त्याला कारणही तसेच होते. परंतु रोज रडू येत असेल, बाळ झोपलेले असतानाही झोप लागत नसेल किंवा कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांना सांगावे. त्यांच्याकडे त्यासाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते. १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

नेकारकाठ

आपली दोघींची नावे जुळली म्हणून लिहायचा धीर झाला. मी जर्मनीत नेकार नदीच्या काठी, श्टुटगार्टला राहते. येथे सासर आणि माहेर दोन्ही नाही. बाळंतपणानंतर विमा योजनेतून सुईण घरी येते. पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे. आमची सुईण घरात आली की आधी थोरल्याच्या शेजारी जमिनीवर बसे आणि बाळाचे वजन करण्याचा ताणकाटा त्याच्या हाती देई. त्याच्या अस्वलाचे वजन पहिले होई, मग बाळाचे. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते. ते आकडे तो भिंतीवरील कागदावर रंगीत रेघांनी नोंदवीत असे. अस्वलाचे वजन कधीच उतरले नाही, याचा त्याला अभिमान होता.

परंतु मला सांगायचे आहे ते आईविषयी. माझी आई पुण्याहून आली होती आणि व्हिसाच्या नियमाप्रमाणे तिला ९० दिवसच राहता आले. त्या ९० दिवसांत मी बाळात गुंतले होते आणि थोरला पूर्णपणे आजीचा झाला होता. ती त्याला भरवी, गोष्टी सांगे, तिच्याच जवळ तो झोपे. मला वाटले, किती छान निभावले. ती ज्या दिवशी विमानात बसली, त्या दिवसापासून आमच्या घरी खरा गोंधळ सुरू झाला. बाळ आले तेव्हा तो रुसला नव्हता. आजी गेल्यावर मात्र तो महिनाभर रुसला, आणि राग सगळा बाळावर काढला. म्हणून आजोळी पाठवा किंवा पाठवू नका, परंतु आजी-आजोबांच्या हाती मुलाला सोपवताना ते हात पुन्हा दूर जाणार आहेत, हे त्याला आधीपासून सांगत जा. आम्ही ते सांगितले नव्हते.

शेंडेफळ

मी स्वतः घरातला धाकटा असल्याने कुंचीचा प्रसंग वाचून मला अपराधी वाटले. माझी कुंची, माझे बूट, माझी पहिली सायकल आणि इयत्ता चौथीची पुस्तकेही दादाची होती. त्याने ती मला दिली, असे घरात सर्व जण सांगतात. दादा आजही, वयाच्या ४५ व्या वर्षी, "मला कोणी विचारले नव्हते" असे म्हणतो. तुमच्या मुलीला ती कुंची परत द्या आणि तिचे काय करायचे ते तिलाच ठरवू द्या, एवढेच माझे म्हणणे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सिन्नर फाटा यांचेही, कारण त्यांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला तेव्हा त्या अनपेक्षितपणे म्हणाल्या, "आपोआप काही होत नाही. माझे पोर मामाकडून आले तेव्हा मला 'अहो' म्हणू लागले होते." ही गोष्ट या घरात याआधी कोणी ऐकलेली नव्हती. माझ्या पतींनीही नाही.

परिचारिका ताई, शेगडी त्याच दिवशी बंद केली. रडू रोज येत नाही, मात्र डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत मी सांगेन. थोरलीचा बूस्टर झालेला आहे, कार्ड पाहिले. खाडीपलीकडे यांचा शेवटचा परिच्छेद मी पतींना काही न बोलता वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि "ठाण्याचा गृहस्थ फार बोलतो" एवढे म्हणून ते मुलीला अंघोळ घालायला गेले.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण अनेकांनी पुढे काय झाले, असे विचारले आहे.

थोरलीला पाठवले नाही. सासूबाईंनीच कोल्हापूरला विहिणीला दूरध्वनी केला आणि "दुसरे बाळंतपण सासरचे हे खरे, पण तुम्ही पंधरा-वीस दिवस इकडेच या" असे सांगितले. मला स्वतःला हे सुचले नव्हते, आणि सुचले असते तरी मी ते बोलू शकले नसते. आई आल्यापासून स्वयंपाकघरात दोघींचे शेपूच्या भाजीत लसूण किती असावा यावरून रोज मतभेद होतात, परंतु बाळ आणि थोरली या दोघांसाठी आता हात कमी पडत नाहीत. झोपण्याची व्यवस्था ताईंनी सांगितली तशी केली आहे. कडी वाजवणे पहिल्याच रात्री थांबले.

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. अंथरूण आठवड्यातून दोन-तीनदा अजूनही ओले होते. बालवाडीत ती जाते, कारण बाबा सोडायला जातात आणि वाटेत दोघे मिळून एका ठरावीक भिंतीवरील मांजर शोधतात. बाबांची पहिली पाळी असते त्या आठवड्यात ती भिंतही नको आणि बालवाडीही नको असते. चिमटा पुन्हा एकदा काढून झाला. त्या वेळी मी रागावण्याऐवजी "ये, मांडीवर ये" म्हणाले, आणि ती आली खरी, परंतु बाळाला खाली ठेव अशी अट घालून. बाळ रडत राहिले. मी दोन मिनिटे त्याला रडू दिले. ते चूक की बरोबर, मला ठाऊक नाही.

कुंची आम्ही तिला परत दिली. तिने ती स्वतः घालून पाहिली, ती डोक्यावर टोपीसारखी बसली, मग बाहुलीला घातली आणि शेवटी आपल्या उशीखाली ठेवली. धाकट्यासाठी नणंदेने नवी शिवून आणली.

टाक्यांमुळे बारसे सव्वा महिन्यावर ढकलले होते, ते गेल्या रविवारी झाले. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणताना पाळण्याखालून बाळ घेणारा एक हात थोरलीचा होता. दुसरा अर्थातच तिच्या आत्याचा. आत्याने कानात नाव सांगितल्यावर थोरलीनेही वाकून बाळाच्या कानात काहीतरी सांगितले आणि मंडळींनी तिचे फार कौतुक केले. रात्री मी विचारले तेव्हा कळले की तिने त्याला कुंची मिळणार नाही असे बजावले होते.

आई येत्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला परतेल. नेकारकाठ यांच्या सांगण्यावरून आम्ही भिंतीवरील दिनदर्शिकेत शुक्रवारच्या चौकोनात आजीच्या कपाळावरची एक टिकली लावून ठेवली आहे. थोरली रोज सकाळी मधले चौकोन बोटाने मोजते. काल तिने ती टिकली काढून पुढच्या महिन्याच्या पानावर चिकटवली.